मारुतच्या पोटात जग्वार

1986च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानांत टेस्टर्स कंपनीचा एक नवा खोका आला. आत 1:48 मापाच्या विमानाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग, वर नाव ‘एफ-19 स्टेल्थ फायटर’. असं काही विमान आपल्याकडे आहे, हे अमेरिकी सरकारने तोवर कधी कबूल केलेलं नव्हतं. आराखडा होता जॉन अँड्र्यूज या टेस्टर्सच्या डिझायनरचा. त्याच्या हाती गुप्त कागद लागले होते अशातला भाग नाही. एफ-18नंतर हवाई दलाच्या यादीत एकदम एफ-20 कसं आलं, मधला आकडा गेला कुठे, हा एक धागा. रडारला चकवायचं तर काय करावं लागेल याबद्दल इकडेतिकडे जे छापून येत होतं, तो दुसरा. हवा ओढणारी तोंडं पाठीवर, शेपटीचे पंख आत कललेले, कडा गोलाकार, काटकोन म्हणून कुठे नाही. या हिशेबाने त्याने एक विमान जुळवलं आणि ते लाखांनी खपलं.

वॉशिंग्टनमध्ये कुरकुर सुरू झाली. जे विमान लोकप्रतिनिधींनाही बघायला मिळत नाही ते पोरांना दुकानात कसं मिळतं, असा सवाल काँग्रेसच्या सुनावणीत निघाला. त्याच वर्षी जुलैत कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या डोंगरात एक लष्करी विमान कोसळलं. हवाई दलाने परिसर बंद केला आणि काय पडलं ते सांगायला नकार दिला. पुढे नोव्हेंबर 1988मध्ये पेंटॅगॉनने एक धूसर फोटो दिला, तेव्हा कळलं की विमानाचं नाव एफ-117 आहे आणि त्यात गोलाई औषधालाही नाही. सगळे सपाट तुकडे, कोनात जोडलेले. कारण साधं होतं. ते बनवणाऱ्या लॉकहीडच्या डेनिस ओव्हरहोल्झरने सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिमत्सेव यांच्या गणितावरून जो संगणकीय प्रोग्रॅम लिहिला, त्याला सत्तरच्या दशकात सपाट पृष्ठभागांवरूनच रडारचं परावर्तन मोजता येत होतं. जे मोजता येत नाही ते बांधायचं कसं? म्हणून वळणं बाद.

अँड्र्यूजचा अंदाज आकाराच्या बाबतीत साफ चुकला. मजा म्हणजे टेस्टर्सने 1987मध्ये ‘मिग-37’ नावाचं एक काल्पनिक सोव्हिएत विमानही बाजारात आणलं होतं. ते कोनाकोनांचं होतं आणि एफ-117शी त्याचं नातं एफ-19पेक्षा जवळचं निघालं.

मला या प्रकरणात अँड्र्यूजचं चुकणंच जास्त आवडतं. त्याच्या विमानाच्या प्रत्येक रेषेला तो कारण देऊ शकत होता आणि म्हणूनच त्या रेषेवर भांडताही येत होतं. प्लॅस्टिकच्या विमानांची मोडतोड करून न झालेली विमानं बनवणाऱ्यांची एक मोठी जमात जगभर आहे. त्यांना इंग्रजीतच ‘व्हॉट-इफ’वाले म्हणतात आणि आपल्याकडचेही स्वतःला तेच म्हणवतात. त्यांच्यातला उत्तम कोण आणि नुसता हौशी कोण, हे रंगकामावरून ठरत नाही. ‘हे असं का?’ विचारल्यावर समोरचा काय बोलतो, त्यावरून ठरतं.

डोंबिवलीत असे एक गृहस्थ आहेत. नाव छापायचं नाही या अटीवर बोलायला तयार झाले, तेव्हा आपण त्यांना काका म्हणू. आयुष्य ड्रॉइंग बोर्डावर गेलं, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीनंतर बाल्कनी बंद करून घेतली आणि तिथे एक टेबल टाकलं. टेबलावर भिंगाचा दिवा, कानशी, वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिश पेपर, एम-सील, फेव्हिक्विक आणि मिठाईच्या डब्यांची एक उतरंड. एका डब्यात चाकं, एकात क्षेपणास्त्रं, एकात कॉकपिटच्या काचा. काकूंच्या मते घरात काजू कतली येते ती डब्यासाठी.

मी गेलो तेव्हा टेबलावर दोन विमानं होती आणि दोन्ही अर्धवट कापलेली. एक जग्वार, प्लॅस्टिकचं, 1:72 मापाचं. दुसरं मारुत, रेझिनचं, त्याच मापाचं. मारुतची किट सहजासहजी मिळत नाही. ही काकांनी ओळखीतून मिळवली होती आणि चार वर्षं कापायचा धीर झाला नव्हता.

“मारुत ठाऊक आहे ना?” त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सुरू झाले.

एचएफ-24 मारुतची गोष्ट मराठीत पुष्कळांनी सांगितली आहे, पण ती इंजिनाच्या बाजूने क्वचित सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धातलं फोक-वुल्फ 190 रचणारे जर्मन अभियंते कुर्ट टांक 1956मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं लढाऊ विमान भारतात बनवायचं ठरलं. आधी पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर केलं आणि डकोटा विमानाच्या मागे बांधून ते हवेत नेऊन पाहिलं. 17 जून 1961 रोजी सुरंजन दास यांनी पहिलं मारुत उडवलं. कमरेत बारीक, पंख मागे झुकलेले. त्या काळातल्या देखण्या विमानांत त्याची गणना व्हायला हरकत नाही. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एक उभं आहे. शाळेच्या सहलीला गेलेली मुलं त्याच्या पुढ्यात डबे खातात.

विमान रचलं होतं ते ब्रिस्टल ऑर्फियस 12 हे इंजिन धरून. आफ्टरबर्नर (मागे जादा इंधन जाळून जोर वाढवणारी जोड) लावला की एकेक इंजिन सुमारे 8,170 पौंडांचा जोर देणार होतं. ते इंजिन ब्रिटिशांनी अर्ध्यावर सोडलं. विकासाचा खर्च भारताने उचलावा अशी अपेक्षा होती, ती दिल्लीने मानली नाही. मग हाताशी होतं ते ऑर्फियस 703 बसवलं. त्याचा जोर 4,850 पौंड आणि आफ्टरबर्नर नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी घडवलेलं धड ध्वनीच्या वेगाशी येऊन थबकलं. इजिप्तमध्ये फर्डिनांड ब्रांडनर यांचा चमू ई-300 नावाचं इंजिन करत होता. एक मारुत तिकडे गेलं, त्यावर ते इंजिन चढवून चाचण्याही झाल्या, पण 1969मध्ये तेही बारगळलं. बंगळुरूच्या गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने ऑर्फियस 703लाच आफ्टरबर्नर जोडून पाहिला. त्यासाठी विमानाचा मागचा भाग रुंद करावा लागला, त्यामुळे हवेचा विरोध वाढला आणि मिळालेला जोर बराचसा तिथेच खर्ची पडला. 10 जानेवारी 1970 रोजी तसं विमान उड्डाण घेताना कोसळलं. त्यात सुरंजन दास गेले. एकूण 147 मारुत बनली, त्यांतली 18 दोन आसनी, प्रशिक्षणाची. 1971च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ती चांगली लढली. 1977मध्ये उत्पादन थांबलं.

दोन वर्षांनी ब्रिटनकडून जग्वार हे लढाऊ विमान आलं. इथून काकांचं विमान सुरू होतं.

“जग्वारचं इंजिन अडूर. रोल्स-रॉइस आणि फ्रान्सच्या टर्बोमेकाने मिळून केलेलं. जोर किती? आफ्टरबर्नरला आठ हजार पौंड,” काकांनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. “आणि टांकसाहेबांना कबूल केलेलं ऑर्फियस किती देणार होतं? आठ हजार एकशे सत्तर.”

खरं सांगायचं तर मला हे माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावर त्यापुढचं सगळं ऐकण्याची माझी तयारी झाली. वीस वर्षांपूर्वी हुकलेलं इंजिन जवळजवळ त्याच ताकदीने दुसऱ्या विमानाच्या पोटात बसून त्याच देशात आलं, पुढे त्याच शहरात तयारही होऊ लागलं. तोवर मारुतचा साचा बंद झालेला. पुढचा प्रश्न सरळ होता. दोघांची गाठ पडली असती तर?

नुसतं नळकांडं बदलून भागत नाही. व्हॉट-इफवाल्यांचा एक अलिखित नियम आहे. थाप एकच मारायची, बाकी सगळं खरं ठेवायचं. एक गोष्ट बदलली की तिच्यामुळे आणखी काय काय बदलेल ते शेवटपर्यंत निस्तरायचं. काकांची थाप अशी आहे की 1976मध्ये भारताने फक्त इंजिनं मागवली.

“पण 1974ला आपण पोखरणला स्फोट केला,” मी म्हटलं. “त्यानंतर इंग्रजांनी इंजिन दिलं असतं?”

“जग्वार दिलं ना त्यांनीच? 78ला ठरलं, 79ला विमानं आली. मग इंजिन का नाही देणार? म्हणून तर 74 न धरता 76 धरलंय. दोन वर्षं राग निवायला सोडलीत.”

ऑर्फियसचा व्यास सुमारे 82 सेंटिमीटर, अडूरचा सुमारे 57. म्हणजे नवं इंजिन जुन्याच्या जागेत आरामात बसतं. आफ्टरबर्नरसाठी मागचा भाग फुगवावा लागला होता ती अडचणही हलकी होते. म्हणून काकांनी मारुतची शेपूट रुंद केली नाही, उलट शेवटचा तुकडा किंचित निमुळता केला. 1:72 मापात मारुत साधारण 22 सेंटिमीटर लांब होतं. त्यातला मागचा दीड सेंटिमीटर त्यांनी बारीक पात्याच्या करवतीने कापून काढला. रेझिनची भुकटी फुप्फुसाला वाईट, म्हणून नाकाला फडकं आणि घासकाम पाण्याखाली. जग्वारच्या पोटाखालची दोन नळकांडी सोडवून तिथे बसवली. प्लॅस्टिकचा नेहमीचा डिंक पॉलिस्टायरिन विरघळवून सांधतो, रेझिनवर त्याची मात्रा चालत नाही. तिथे फेव्हिक्विक, आणि फट बुजवायला एम-सील.

एम-सील वाळलं की पॉलिश पेपर. मग प्राइमरचा करडा हात. प्राइमर ही या कामातली सगळ्यात निर्दय वस्तू. डोळ्याला आणि बोटाला गुळगुळीत लागलेला सांधा करड्या रंगाखाली ओरखड्यासारखा उठून दिसतो. पुन्हा भरा, पुन्हा घासा. घासताना आजूबाजूच्या पत्र्यांच्या जोडरेघा पुसल्या जातात, त्या सुईने पुन्हा कोरायच्या. कोरताना सुई घसरली की परत एम-सील. काकांनी मला तो सांधा भिंगाखाली दाखवला. डावीकडे जुळला होता. उजवीकडे केसाएवढी पायरी होती. ती मला दिसत नव्हती, त्यांना दिसत होती.

हवा ओढायच्या तोंडांचा प्रश्न पुढचा. अडूरला हवा थोडी अधिक लागते. काकांनी दोन्ही तोंडांच्या कडेला प्लॅस्टिकची अर्ध्या मिलिमीटरची पट्टी चढवली. खऱ्या विमानात ते साडेतीन सेंटिमीटर होतात. हे कुणाला कळणार, असं मी विचारलं नाही. विचारण्यात अर्थ नव्हता.

खरा पेच वजनाचा. आफ्टरबर्नरसकट अडूर जड आहे आणि ते वजन शेपटीकडे येतं. गुरुत्वमध्य मागे सरकला की विमान उडवायला धोक्याचं. नाकात काहीतरी जड हवं. मारुतला रडार नव्हतं, तेव्हा काकांनी नाकात रडार घातलं. त्यासाठी नाक लांबलं आणि जाडावलं. “एअरफोर्सला रडार पाहिजेच होतं,” ते म्हणाले, “आपण फक्त निमित्त दिलं.” योगायोग असा की मॉडेललाही तेच दुखणं. मागे वजन वाढलं तर ते चाकांवर उभं न राहता शेपटीवर बसतं. म्हणून नाकात शिशाचे छर्रे भरलेत. कागदावर जिथे रडार आहे तिथेच.

हे सगळं पोरखेळ वाटत असेल तर खऱ्या कारखान्यांत काय चालतं ते पाहावं. युंकर्स 287 हे ऑगस्ट 1944मध्ये उडालेलं, पंख पुढे झुकलेलं जर्मन जेट. त्याच्या पहिल्या नमुन्याचं धड हाइन्केल 177चं होतं आणि नाकाखालची चाकं कोसळलेल्या अमेरिकी लिबरेटर बाँबरांची. ग्रमनचं एक्स-29 डिसेंबर 1984मध्ये उडालं तेव्हा पुढचा भाग एफ-5चा होता आणि मुख्य चाकं एफ-16ची. एफ-117च्या आधीचं गुप्त चाचणी विमान ‘हॅव ब्लू’ही एफ-16ची नियंत्रणं आणि प्रशिक्षण विमानांची इंजिनं घेऊन उभं केलेलं. पैसा आणि वेळ वाचवायचा तर अभियंतेही मिठाईचे डबेच उघडतात. ‘स्टार वॉर्स’च्या कारागिरांनी तर टँक आणि विमानांच्या शेकडो किट फोडून त्यांचे तुकडे अंतराळयानांच्या अंगावर चिकटवले. पण तिथे तुकडा काय काम करतो हे कुणी विचारत नव्हतं, दिसला भारदस्त की झालं. काकांना ते मंजूर नाही. मलाही नाही, चित्रपट कितीही आवडत असला तरी.

या छंदाची राजधानी कुठली म्हणाल तर ब्रिटन, आणि तिथलं आराध्यदैवत टीएसआर-2. हे बाँबर 27 सप्टेंबर 1964 रोजी पहिल्यांदा उडालं आणि 6 एप्रिल 1965 रोजी सरकारने अर्थसंकल्पाच्या भाषणातच ते रद्द केल्याचं जाहीर केलं. उडालेलं विमान एकच, उड्डाणं 24. 2006मध्ये एअरफिक्सने त्याची 1:72 मापाची किट काढली. मग इंग्लंडातल्या टेबलांवर टीएसआर-2 हवाई दलात दाखल झालं, हिरव्या-करड्या रंगात शीतयुद्ध लढलं, 1991च्या आखाती युद्धातल्या वाळवंटी गुलाबी रंगात इराकवरही गेलं. दिसतात छान. पण त्यांतल्या बहुतेकांत हिशेबाचा भाग कमी आणि रागाचा जास्त आहे. टीएसआर-2 वाचवायचं तर त्याचा खर्च कुठून आला असता, बकॅनियर आणि टोर्नेडो या विमानांचं काय झालं असतं, हे प्रश्न रंगाच्या डबीत सापडत नाहीत. रद्द झालेल्या विमानाला चाळीस वर्षांनी गुलाबी रंग देणं सोपं आहे.

दुसरा एक प्रकार मला मुळीच आवडत नाही. 1945मध्ये युद्ध संपलं नसतं तर जर्मनीची कागदावरची जेट विमानं कशी दिसली असती, यावर खोक्यांचे खोके निघतात. टांकच्या कचेरीतलं टा-183 त्यांतलं मानाचं. कागदावरून ते कधी उतरलं नाही, पण टांक अर्जेंटिनाला गेले तेव्हा तिथल्या पुल्की-2 या जेटवर त्याची छाया पडली. पुल्की 1950मध्ये उडालं आणि सहा वर्षांनी टांक बंगळुरूला आले. अभियांत्रिकीच्या वंशावळीला कुणाची ना नाही. पण ती विमानं प्रत्यक्षात उतरायची म्हणजे भुयारी कारखाने आले, आणि त्या कारखान्यांत गुलाम म्हणून राबवलेले कैदी आले. शेपटीवर चिन्ह रंगवणारा हात ती बाजू हिशेबात धरत नाही. थाप एकच मारावी हा नियम पाळायचा असेल तर ही सगळी माणसंही थापेच्या उत्तरात यायला हवीत. हे मी काकांना बोलून दाखवलं. त्यांनी एवढंच सांगितलं की कुणी दिलेली टा-183ची एक किट त्यांच्याकडे आहे. चाकं काढून घेतली, बाकी पडून आहे.

आपल्याकडे या छंदाचं दुखणं वेगळं. परदेशी किट इथे खेळणी म्हणूनच येते. लहान मापाची मॉडेलं जकातीच्या वर्गवारीत बाहुल्या आणि तीनचाकींच्या शेजारी बसतात. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020मध्ये 20 टक्क्यांवरून 60वर गेलं, 2023मध्ये 70वर. देशातल्या खेळणी उद्योगाला आधार हा उद्देश योग्य असेलही, पण 1:72 मापाचं जग्वार करणारा कारखाना काही त्यामुळे उभा राहिला नाही. 2021पासून बीआयएसचं प्रमाणपत्र लागतं, तेही लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी. साठी उलटलेला माणूस बाल्कनीत बसून प्लॅस्टिक कापतो, हे कुठल्या तक्त्यात बसत नाही. परिणाम एवढाच की इथला व्हॉट-इफवाला कंजूष असतो. किटमधला जास्तीचा पंख, न वापरलेलं चाक, डिकॅलच्या, म्हणजे चिकटवायच्या चिन्हांच्या, कागदाचा उरलेला कोपरा, काही म्हणून टाकत नाही. रिकाम्या साच्याची काडीसुद्धा मेणबत्तीवर धरून ताणली की केसासारखी तार निघते. अँटेना विकत घ्यावी लागत नाही.

डिकॅलवरून आमचा वाद झाला. मारुत उडवणाऱ्या तुकड्या तीन होत्या, 10, 31 आणि 220 क्रमांकाच्या. काकांना 220 हवी होती. मी म्हटलं, 10 घ्या, पहिली तीच. ते म्हणाले, पहिलीला जुनं विमान मिळालं, नवं दुसऱ्यांना नको? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रंग मात्र ठरला होता. हवाई दलाच्या जग्वारवर असायचा तसा हिरवा-करडा. कारण 1976नंतर बंगळुरूत रंग कुठला शिल्लक असणार, याचाही त्यांनी विचार केला होता.

निघताना मी सहज विचारलं, आता रंगवायचंच उरलं ना? काकांनी वही उलटी करून मागचं पान दाखवलं. आफ्टरबर्नर लावला की तेल दुपटीहून जास्त पितं. मारुतच्या टाक्या ऑर्फियसच्या भुकेच्या बेताने केलेल्या. पंखाखाली जादा टाक्या लावल्या तर बाँब कुठे टांगायचे? मग उरते पाठ. मिग-21च्या सुरुवातीच्या विमानांची पाठ सडपातळ होती, पुढे तिच्यावर कणा चढला आणि त्यात इंधन गेलं. 1976मध्ये नाशिकजवळ ओझरला तशी मिग बनतच होती. म्हणजे साचा देशात होता, कामगार देशात होते.

“कणा तिथून उचलायचा,” काका म्हणाले आणि खालच्या कपाटातून एक न उघडलेला खोका काढला. मिग-21. “एवढं एक कापायचं राहिलंय. पंख आणि नाक तसंच ठेवतो, पुढे कामाला येईल.”

आतून काकूंनी विचारलं, आज आणखी एक फोडताय का.